युनिक्स म्हणजे एक

गेल्या महिन्यात आमच्या टीममधला एक मुलगा उघडा लॅपटॉप तसाच हातात धरून माझ्यापाशी आला. "मॅडम, एवढं जरा बघता का? सकाळपासून अडकलोय." प्रोग्रॅम जेमतेम चाळीस ओळींचा होता. लॉगमधली वेळ वाचायची, 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत बदलायची आणि छापायची. ते सेकंद ठेवायला त्यानं जो व्हेरिएबल घेतला होता, त्याला नाव दिलं होतं ‘युनिक्स’. सगळी छोटी अक्षरं. त्या वेळेला युनिक्स टाइमच म्हणतात, तेव्हा नाव अगदी साहजिक होतं. त्याच्या मॅकवर प्रोग्रॅम निमूट चालत होता, आणि लिनक्स सर्व्हरवर नेला की कंपायलर, म्हणजे आपल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, त्या एका ओळीवर हटून बसत होता. तक्रार अशी की इथे नाव यायला हवं होतं आणि तुम्ही आकडा लिहिलाय. "पण मी आकडा लिहिलेलाच नाही ना, मॅडम!" ते खरंच होतं. मला हसू आलं, आणि आपण हसतोय हे त्यानं पाहिलं याचं लगेच वाईटही वाटलं. मी म्हटलं, "नाव बदल, चालेल." त्यानं बदललं, चाललं. जाता जाता तो म्हणाला, "पण मग तो आकडा लिहिला कुणी?"

मी म्हटलं, "कुणीच नाही, तो असतोच तिथे." उत्तर बरोबर होतं, तरी संध्याकाळपर्यंत ते मला खुपत राहिलं. असतोच म्हणजे काय? कधीतरी कुणीतरी तो तिथे ठेवला म्हणून तो आहे. आणि ज्यांनी ठेवला त्यांच्यावर विसंबून मी माझ्या आयुष्यातली काही चांगली वर्षं काढली आहेत.

कंपायलरच्या आधी कोडवरून हात फिरवतो तो प्रीप्रोसेसर. त्याला सी ही भाषा कळत नाही. व्हेरिएबल कशाला म्हणतात, फंक्शन म्हणजे काय, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याच्याजवळ एक यादी असते, आणि यादीतला शब्द दिसला की तो उचलून त्या जागी दुसरं काहीतरी ठेवणं एवढंच तो करतो. आपण डिफाइन लिहितो तेव्हा त्या यादीत भर पडते. पण आपण पहिली ओळ लिहायच्या आधीसुद्धा ती यादी कोरी नसते. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या कंपायलरांनी फार पूर्वीपासून तिच्यात आपली ओळख लिहून ठेवलेली असे: मी युनिक्सवर आहे, मी पीडीपी-11 या यंत्रावर आहे, मी व्हॅक्स या यंत्रावर आहे. प्रत्येक नावापुढे एकच किंमत, 1. आहे म्हणजे एक, आणि नसेल तर ते नाव यादीतच नाही. त्या मुलाचा व्हेरिएबल कंपायलरपर्यंत पोचला तोवर त्याचा 1 झालेला होता, आणि 1 नावाचा व्हेरिएबल जगात कुणालाच घेता येत नाही.

माझी त्या यादीशी गाठ पडली ती नव्वदीच्या सुरुवातीला. नोकरी नवी होती, आणि काम मिळालं होतं पोर्टिंगचं. चित्रांवर प्रक्रिया करणारं एक मोठं सी पॅकेज होतं. ते एका वर्कस्टेशनवर वाढलेलं, आणि आता ते हरतऱ्हेच्या वर्कस्टेशनवर चालवायचं होतं. एका थंडगार खोलीत ओळीनं यंत्रं मांडलेली. प्रत्येकाचा पंखा वेगळ्या सुरात घुमायचा, आणि काही आठवड्यांनी डोळे मिटूनही कुठलं यंत्र चालू आहे ते मला सांगता यायला लागलं. एकाचा माऊस धातूच्या चकचकीत जाळीच्या पाटीवरच चालायचा, पाटी जरा तिरकी झाली की पडद्यावरचा बाण भलतीकडेच पळायचा. पाव इंची टेप ड्राइव्हमध्ये सरकवली की आधी किर्र करत एका टोकाला जायची, मग परत यायची, आणि त्यानंतर कुठे फाइली उतरायला लागायच्या. मोठ्या पडद्यांच्या मागून तापलेल्या धुळीचा वास यायचा. तो वास मला अजून कधीमधी येतो, म्हणजे यायला कारण नसतं, पण येतो.

नव्या यंत्रापुढे बसलं की पहिलं काम एकच. हा कंपायलर स्वतःला काय म्हणवतो ते शोधायचं. मॅन्युअलमध्ये ते कधी असायचं, कधी तळटिपेत असायचं, कधी नसायचंच. आज जीसीसी या कंपायलरला एका ओळीच्या कमांडनं सगळी यादी छापून मागता येते. तेव्हा आम्ही प्रीप्रोसेसरची बायनरी फाइलच ‘स्ट्रिंग्ज’ कमांडला खायला घालायचो. पोटातून निघालेल्या अक्षरांच्या ढिगात डोळे बारीक करून बघत राहायचं, आणि मग चुकांच्या संदेशांच्या मधोमध अचानक एखादं नाव दिसायचं, कंपनीचं, चिपचं नाहीतर सिस्टिमचं. सन. स्पार्क. एमआयपीएस. एसजीआय. अल्ट्रिक्स. अपोलो. एआयएक्सवर समोर एक अंडरस्कोअर लावून. एचपी-यूएक्सवर एचपीयूएक्स. कुणाच्या खिशात हात घालून ओळखपत्र काढावं तसं वाटायचं, आणि त्यात थोडी मजाही होती हे कबूल करते.

मग ती नावं घेऊन आम्ही कोडभर इफडेफच्या पाट्या ठोकत सुटायचो. इफडेफ म्हणजे, हे नाव यादीत असेल तरच पुढचा कोड घे.

इफडेफ सन, इफडेफ अल्ट्रिक्स, इफडेफ एसजीआय.

प्रत्येक पाटीमागे एक गृहीत असायचं, आणि ते लिहून ठेवायची गरज कुणाला वाटायची नाही. ‘सन’ असेल तर युनिक्सच्या बीएसडी घराण्यातली सिस्टिम, म्हणजे स्ट्रिंगमध्ये अक्षर शोधायला इंडेक्स, बाइट हलवायला बीकॉपी, सिग्नल, म्हणजे चालत्या प्रोग्रॅमला सिस्टिमनं मारलेली हाक, पकडायची पद्धतही बीएसडीची. हे सगळं एका तीन अक्षरी नावात भरलेलं. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती अशी, फक्त हे शीत त्या भातातलं आहे की नाही हे कुणी बघत नव्हतं. सनच्या यंत्रांवरच्या सनओएस 4 पर्यंत परीक्षा बरोबर येत राहिली. 1992 मध्ये त्याच्या जागी सोलारिस 2 आलं. त्याच्या आतली सिस्टिम बीएसडीची राहिली नव्हती, सिस्टिम फाइव्ह या युनिक्सच्या दुसऱ्या घराण्यातली, रिलीज 4 ची, झाली होती. कंपायलरला विचारलं तर तो तरीही म्हणत होता, सन म्हणजे एक. तो खोटं बोलत नव्हता. यंत्र त्याच कंपनीचं होतं, आणि आम्ही त्याला एवढंच तर विचारलं होतं.

बीकॉपी सापडत नाही, इंडेक्स सापडत नाही, असल्या तक्रारी लिंकर, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, मोठ्यानं करायचा, तेव्हा त्यांचा बंदोबस्त दोन दिवसांत झाला. अडचण होती न बोलणाऱ्या गोष्टींची. आमच्या पॅकेजमध्ये लांबलेली आकडेमोड थांबवायला कंट्रोल-सी दाबायची सोय होती. दाबलं की काम थांबायचं आणि माणूस पुन्हा प्रॉम्प्टवर यायचा. बीएसडीच्या पद्धतीत सिग्नल पकडणारं फंक्शन एकदा लावलं की लागलेलं राहतं. सिस्टिम फाइव्हच्या जुन्या रीतीत एक सिग्नल पकडला की ते गळून पडतं आणि प्रत्येक वेळी पुन्हा लावावं लागतं. मला हे माहीत होतं. म्हणून तर मी मोठ्या हुशारीनं लिहून ठेवलं होतं, की ‘सन’ नसेल तरच पुन्हा लाव. सोलारिसवर ‘सन’ होताच. पहिल्यांदा कंट्रोल-सी दाबलं की सगळं आखूनरेखून थांबायचं. चाचणीत मी एकदाच दाबून पाहिलं होतं. वापरणाऱ्यानं दुपारभर काम करून दुसऱ्यांदा दाबलं, आणि त्याच्यासमोरून अख्खा प्रोग्रॅम गेला, न साठवलेल्या चित्रासकट. तो माणूस माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं फक्त विचारलं, "पहिल्यांदा चाललं, मग दुसऱ्यांदा का नाही?"

दुसरी फजिती याहून आधीची, आणि तिच्यात माझ्या गर्वाचाही वाटा आहे. आकड्यातले बाइट कुठल्या क्रमानं ठेवायचे यावर यंत्रांचं कधीच एकमत नव्हतं. मोठा बाइट आधी ठेवणारी एक जात, धाकटा आधी ठेवणारी दुसरी. मी एक सुबक हेडर फाइल, म्हणजे बाकीच्या फाइलींनी आपल्यात ओढून घ्यायची फाइल, लिहिली होती. व्हॅक्स, धाकटा आधी. 386, धाकटा आधी. मोटोरोला 68000, मोठा आधी. स्पार्क, मोठा आधी. एमआयपीएस, मोठा आधी. हे शेवटचं मी सिलिकॉन ग्राफिक्सच्या इंडिगोवर बसून लिहिलं, आणि तिथे ते खरं होतं. काही महिन्यांनी खोलीत डिजिटल कंपनीचं डीईसीस्टेशन आलं. कंपायलरला विचारलं, तो म्हणाला एमआयपीएस म्हणजे एक. मी खूश झाले, म्हटलं हे पोर्टिंग आधीच झालेलं आहे. पण एमआयपीएसची चिप दोन्ही क्रमांनी चालू शकते, आणि डिजिटलनं ती धाकटा बाइट आधी ठेवून चालवली होती. चित्राची फाइल उघडली. रुंदी 512 असायला हवी होती, वाचली गेली 131072. उंचीही तेवढीच. दोन्हींचा गुणाकार 32 बिटांत मावेना, वरचे बिट गळून गेले आणि उरलं बरोब्बर शून्य. प्रोग्रॅमनं शून्य बाइट मेमरी मागितली, सिस्टिमनं ती उदारपणे दिली, आणि मग त्या शून्य बाइटांत चित्र भरायला गेल्यावर जे व्हायचं ते झालं. गंमत म्हणजे या क्रमाचा भेद सांगणारे वेगळे मॅक्रो, म्हणजे यादीतली नावं, त्या कंपायलरांकडे होते, एमआयपीएसच्या पुढे ईबी किंवा ईएल जोडलेले. ‘स्ट्रिंग्ज’च्या ढिगात ते मला दिसलेही असणार. ओळखीचं नाव सापडलं की पुढचं वाचायला कोण थांबतं?

आपल्या म्हणीतली सोनूबाई मला त्या दिवसांत वारंवार आठवायची. पण सोनूबाईनं मी सोन्याची आहे असं कधी म्हटलं होतं? तिनं फक्त नाव सांगितलं. हाती कथलाचा वाळा आहे का, हे बघायचं काम आपलं.

या नावांच्या अतिक्रमणाचे किस्से तर पुष्कळ. खगोलशास्त्राचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं सूर्याच्या व्हेरिएबलला इंग्रजीतलं सरळ नाव द्यावं आणि सनच्या वर्कस्टेशनवर त्या सूर्याचा 1 व्हावा. एक्स विंडो या पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या सिस्टिमच्या बिल्डसाठी जो आयमेक होता, तो मेकफाइलच, म्हणजे काय कसं कंपाइल करायचं हे ‘मेक’ या प्रोग्रॅमला सांगणारी फाइलच, सी प्रीप्रोसेसरमधून काढायचा. त्यामुळे फोल्डरच्या वाटेत कुठे ‘सन’ किंवा ‘युनिक्स’ असा सुटा शब्द आला की तिथेही 1 उमटायचा, आणि मेक बिचारं 1 नावाचं फोल्डर शोधत फिरायचं. म्हणून आयमेकच्या साच्यात आधी विचारलं जायचं, तू सन आहेस का? हो म्हटलं की ते नाव लगेच अनडिफाइन करून टाकायचं. ओळख पटली, आता गप्प बस. मला ती ओळ फार आवडायची. आणि या सगळ्याचा कळस म्हणजे डेव्हिड कॉर्न, ज्यांच्या नावाचं शेल, म्हणजे आपल्या कमांड घेणारा प्रोग्रॅम, आपण वापरतो ते. 1987 च्या दुर्बोध सी कोडच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एका ओळीचा प्रोग्रॅम दिला. त्यात ‘युनिक्स’ हा शब्द कुठेही जाहीर न करता एखाद्या ॲरेसारखा वापरलेला होता. तो शब्द म्हणजे 1, आणि सीमध्ये ॲरे आणि आकडा यांची जागा उलटसुलट केली तरी चालते, या दोन गोष्टींवर सगळा डोलारा. चालवल्यावर छापून काय येतं? युनिक्स. ज्या कंपायलरला ते नाव जन्मजात ठाऊक नाही, तिथे तो कंपाइलच होत नाही. पोर्टिंगनं आंबून गेलेल्या एका रात्री सहकाऱ्यानं मला तो कागदावर लिहून दिला होता. मी अर्धा तास बघत बसले आणि मग वेड्यासारखी हसत सुटले.

1989 च्या आन्सी सीनं, म्हणजे सी भाषेच्या अमेरिकी स्टँडर्डनं, यावर तोडगा काढला. दोन अंडरस्कोअरनं, किंवा एक अंडरस्कोअर आणि पुढे कॅपिटल अक्षर असं सुरू होणारी नावं कंपायलरवाल्यांची, बाकीची तुमची. स्टँडर्डनं स्वतः पाचच मॅक्रो ठेवले: ओळ, फाइल, तारीख, वेळ आणि कंपायलर स्टँडर्ड पाळतो हे सांगणारा एसटीडीसी. कागदावर प्रश्न मिटला. प्रत्यक्षात नावांना शेपट्या फुटल्या. कुठे अंडरस्कोअर समोर फक्त, कुठे दोन्ही टोकांना, कुठे नाव छोट्या अक्षरांत, कुठे कॅपिटल. आणि प्रीप्रोसेसरचा स्वभाव असा की त्याला अनोळखी नाव विचारलं तर तो "हे कोण?" असं म्हणत नाही, नसेल तर शून्य समजतो आणि पुढे जातो. एक अंडरस्कोअर कमी पडला तर चूक नाही, इशारा नाही. चुकीची फांदी शांतपणे कंपाइल होते आणि आपण महिनाभर भलतीकडे शोधत बसतो. त्या एसटीडीसीनंही छळलं. सोलारिसवरच्या कंपायलरात नेहमीच्या पद्धतीनं कंपाइल केलं तर तो डिफाइन झालेला असायचा, पण किंमत 0. कडक आन्सी पद्धत मागितली तरच 1. म्हणजे "आहेस का?" विचारलं तर हो, आणि "खरा आहेस का?" विचारलं तर नाही. आमच्या निम्म्या हेडरांत पहिला प्रश्न होता, निम्म्यांत दुसरा.

1992 च्या युझनिक्स या युनिक्सवाल्यांच्या परिषदेत हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी इफडेफच्या या जंगलाबद्दल लिहिलं. त्यांचं म्हणणं, पोर्टेबिलिटीसाठी कोडभर इफडेफ पेरणं ही मुळातच चूक आहे. फरक एका जागी कोंडा आणि बाकीच्या कोडला तो कळूच देऊ नका. वाचून मला चांगलंच झोंबलं, कारण ते बरोबर होतं आणि मी तेव्हा साधारण दोन हजार इफडेफांची मालकीण होते. त्याच्या आदल्याच वर्षी डेव्हिड मॅकेंझी यांनी ऑटोकॉन्फ सुरू केलं होतं. ते यंत्राला नाव विचारत नाही, काम सांगून बघतं. बीकॉपी वापरणारा चार ओळींचा प्रोग्रॅम लिहितं, कंपाइल करतं, लिंक झाला तर आहे, नाही तर नाही. पहिल्यांदा ते चालताना पाहिलं तेव्हा मला हायसं वाटलं, आणि थोडं पोरकंही. मी इतक्या कष्टानं जमवलेली माहिती, कुठल्या यंत्राचं काय लंगडं आहे, कोण काय लपवतं, ती आता कुणालाच नको होती. शेलस्क्रिप्ट समोरच्याला शंभर प्रश्न विचारून स्वतःच ठरवत होती. अर्थात ती साधीभोळी नाही. याच घरात एक दुसरी स्क्रिप्ट आहे, जी प्रोसेसर, उत्पादक आणि सिस्टिम असं तिपेडी नाव शोधून काढतेच. शिवाय प्रश्न विचारणारी ती पहिली स्क्रिप्ट आजही इमानेइतबारे तपासते की बाबा, तुझ्याकडे स्टँडर्ड लायब्ररीचं हेडर आहे ना? मला तेवढा वेळ बसून बघायला आवडतं, हे आमच्या टीममध्ये कुणाला सांगायची सोय नाही.

काही वर्षांपूर्वी त्या जुन्या पॅकेजच्या वारसाची साफसफाई करायची वेळ आली. मेलेल्या सिस्टिमच्या फांद्या छाटायच्या होत्या. अल्ट्रिक्स गेलं. आयरिक्स गेलं. ती दोन्ही काढताना हात थांबला नाही. मग एका कोपऱ्यात ‘इफडेफ अपोलो’ निघालं. अपोलो कंपनी 1989 मध्येच एचपीनं विकत घेतली होती, म्हणजे मी कामाला लागले तेव्हाही ती स्वतंत्र उरलेली नव्हती. आमच्या खोलीत शेवटचं एकच अपोलो होतं, कडेला. फांदीत चार ओळी आणि वर माझ्याच हातची टीप: हे काढू नये, का ते विचारू नये. का ते मला आठवेना. अर्धा तास आठवून पाहिलं आणि काढून टाकलं. काहीही मोडलं नाही. मोडणार कुठे, ते चालवणारं यंत्रच उरलं नव्हतं. तरी घरी जाताना चुटपुट लागली होती.

त्या मुलाच्या प्रश्नाकडे मी दुसऱ्या दिवशी परत गेले. त्याच्या शेजारी खुर्ची ओढली आणि म्हटलं, "एक रिकामी फाइल दे कंपायलरला." "रिकामी म्हणजे?" "रिकामी म्हणजे रिकामी. एकही अक्षर नको. आणि त्याला काय काय ठाऊक आहे ते छापायला सांग." सर्व्हरवर तीनशेहून जास्त ओळी सरकत गेल्या. इंट किती बाइटांचा, बाइटांचा क्रम कुठला, सगळं. "हे सगळं काहीच न लिहिता?" म्हणत त्यानं शोध घेतला आणि ते सापडलं. युनिक्स, पुढे 1. जरा खाली लिनक्स, पुढे 1. मग त्यानं आपण होऊनच ते मॅकवर करून पाहिलं. तिथेही यादी लांबलचक, पण युनिक्स नाही. मी सांगितलं की ज्याला युनिक्स म्हणून रीतसर प्रमाणपत्र मिळालेलं आहे, 2007 पासून, तो हा मॅकच. आणि लिनक्स सहसा त्या प्रमाणपत्राच्या वाटेला जात नाही.

तो बराच वेळ दोन्ही पडद्यांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, आपल्या कोडमध्ये ‘युनिक्स असेल तर’ असं किती ठिकाणी आहे?"

"शोध ना," मी म्हटलं. त्यानं ग्रेप मारलं, आणि आम्ही दोघं उत्तर यायची वाट बघत बसलो.